कोंबडीचा पायही उघडून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या, कोंबड्यांवरचा लेख वाचला. विक्रीला येणाऱ्या कोंबड्यांपैकी काहींना उभंही राहता येत नाही, हे लेखकाचं निरीक्षण खरं आहे आणि त्यांनी ते पोटतिडकीने मांडलं आहे. पण कारण म्हणून 'हार्मोनची इंजेक्शनं' एवढंच लिहून ते पुढे गेले. हे पत्र त्या दोन शब्दांसाठी आहे. मी पशुवैद्य आहे. शिक्षण महूला झालं आणि कामाची बहुतेक वर्षं इंदूर, देवास, धारकडच्या शेडमध्ये मेलेल्या आणि मरू घातलेल्या कोंबड्या उघडून पाहण्यात गेली. आमच्या घरात मांसाहार नाही. तरी जो पक्षी मी इतका हाताळला, त्याच्या दुखण्याचं कारण चुकीचं छापून यावं, हे मला बघवत नाही. चुकीच्या कारणामागे माणसं लागली की खरं कारण तसंच राहतं.

आधी इंजेक्शनांचं सांगते. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये दोन-तीन माणसं कामाला असतात. त्यांनी एकेक पक्षी धरून सुई टोचायची म्हटली, तर खाणं-पाणी कोण बघणार? वाढीचं संप्रेरक, म्हणजे तेच हार्मोन, हे प्रथिन आहे. खाद्यात मिसळून दिलं तर ते पोटात पचून जातं, त्याचा उपयोग शून्य. आणि मुळात त्याची गरजच उरलेली नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या सालांच्या वंशांचे पक्षी एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. ५६व्या दिवशी १९५७च्या पक्ष्याचं वजन ९०५ ग्रॅम भरलं, २००५च्या पक्ष्याचं ४,२०२ ग्रॅम. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खाद्य तेच होतं, हार्मोन कुणालाच दिलं नव्हतं. जास्त वेगाने वाढणारे, छाती जास्त भरणारे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीसाठी निवडले गेले, त्याचा हा परिणाम आहे.

हे वाचून कोंबडीच्या धंद्यातल्या कंपन्यांना बरं वाटेल. त्यांनी इथेच थांबू नये, पुढचंही वाचावं. इंजेक्शन नसलं तरी दुखणं आहेच, आणि त्याची मुळं याच निवडीत आहेत.

साधारण ४० ग्रॅमचं पिल्लू पाचव्या आठवड्याच्या अखेरीस दोन किलोंच्या आसपास जातं. वजन वाढतं ते मुख्यतः छातीवर, म्हणजे शरीराच्या पुढच्या भागात. ते पेलायचं असतं खुब्याला. मांडीच्या हाडाचं वरचं टोक, जे खुब्याच्या उखळीत बसतं, ते या वयात पुरतं हाड झालेलं नसतं, तिथे वाढती कूर्चा असते. भार आणि पीळ सहन न होऊन त्या कूर्चेच्या थरांमध्ये बारीक फटी पडतात आणि तिथल्या कोवळ्या रक्तवाहिन्या फाटतात. इथपर्यंत पक्षी धडधाकट दिसत असतो. मग आतड्याच्या किंवा श्वासनलिकेच्या अस्तरातून रक्तात शिरलेले जंतू फिरत फिरत त्या फटीत जाऊन अडकतात. रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे तिथे शरीराच्या संरक्षक पेशी नीट पोचत नाहीत. जंतूंना मोकळं रान मिळतं आणि हाडाचं टोक आतून कुजू लागतं. हेच गुडघ्याखालच्या हाडाच्या वरच्या टोकालाही होतं. लहान मुलांच्या लांब हाडांत, वाढत्या टोकाशी पू होतो, तोही पुष्कळदा असाच रक्तातून आलेल्या जंतूंमुळे. ज्यांच्या घरात मुलाचं असं दुखणं निघालं आहे, त्यांना ते किती दुखतं हे मी सांगायला नको.

याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे: बॅक्टेरियल काँड्रोनेक्रोसिस विथ ऑस्टिओमायलायटिस. आम्ही नुसतं बीसीओ म्हणतो. १९७२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ब्रॉयलरच्या पायांच्या अधूपणाचं वर्णन करताना मांडीच्या हाडाचं डोकं कुजल्याचं लिहून ठेवलं होतं. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ हे माहीत आहे. अमेरिकेत अर्कान्सा विद्यापीठात प्रा. रॉबर्ट वाइडमन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी पक्षी जमिनीऐवजी जाळीच्या तळावर वाढवले. पायाखालचा आधार डगमगता असला की खुब्यावरचा ताण वाढतो. कुणीही जंतू टोचले नव्हते, तरी त्या पक्ष्यांत लंगडेपणा फार मोठ्या प्रमाणात दिसला. जंतू त्या पक्ष्यांच्या अंगात आणि परिसरात आधीपासून होतेच.

हे जंतू कुणी परके नव्हेत. स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय, एन्टेरोकॉकस सीकोरम, ही नेहमीचीच नावं. यातला शेवटचा एरवी कोंबडीच्या आतड्यात गुपचूप राहणारा. तो पाठीच्या कण्यात, छातीच्या चौथ्या मणक्यात घर करून बसला की मज्जारज्जूवर दाब येतो, आणि पक्षी पाय पुढे पसरून ढुंगणावर बसतो. स्टॅफिलोकॉकस ॲग्नेटिस या जंतूचं तर मला विशेष वाटतं. २०१२ साली त्याचं पहिलं वर्णन झालं ते गाईंच्या कासदाहातून, आणि २०१५ साली अर्कान्साच्या लोकांनी तोच लंगड्या ब्रॉयलरच्या हाडांतून काढला. पिण्याच्या पाण्यातून तो निरोगी पक्ष्यांना दिला, तर त्यांच्यातही तेच दुखणं उभं राहिलं. पाण्याच्या नळ्या लॉट (शेडमध्ये एका वेळी वाढवलेले सगळे पक्षी) संपल्यावरही न धुणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येते. आपल्याकडे शेडवर शवविच्छेदन होतं ते दाण्याच्या रिकाम्या गोणीवर, पाच मिनिटांत. पोट उघडतात, यकृत पाहतात, हृदयाभोवतीचं पाणी, श्वासनलिका, आतडी पाहतात. पाय तसेच राहतात. पक्षी लंगडत होता म्हणून आणलेला असतो आणि पायच कुणी उघडत नाही! मग कागदावर 'अशक्तपणा' किंवा 'कॅल्शियमची कमतरता' असं काहीतरी पडतं. शेतकरीही तेच मागतो: "मॅडम, कैल्शियम लिख दो." औषधाच्या दुकानात त्या नावाच्या बाटल्यांची रांग असते, त्यामुळे सगळ्यांचीच सोय होते.

खुबा उघडायला मोठी विद्या लागत नाही. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी कापून पाय बाहेरच्या बाजूला मोडायचा. निरोगी हाडाचं डोकं उखळीतून पांढरंशुभ्र, गुळगुळीत, अख्खं बाहेर येतं. बिघडलेल्या हाडाची कूर्चेची टोपी उखळीतच राहते आणि हाताशी येतं ते खडबडीत, पिवळट, कधी काळपट टोक. दुखणं पुढे गेलेलं असेल तर हाड त्याच्या डोक्याखालच्या मानेशीच तुटतं आणि आत कालवल्यासारखा, पनीराच्या चुऱ्यागत ऐवज सापडतो. गुडघ्याखालचं हाड सुरीने उभं चिरून वरचं टोक पाहायचं. दोन्ही पाय पाहायचे, कारण पक्षी एका पायाने लंगडत असला तरी दुसऱ्याची सुरुवात झालेली असू शकते. नवख्या माणसाला चकवणारी गोष्ट अशी की हा पक्षी अंगाने चांगला भरलेला असतो, तुरा लाल असतो, पोट उघडलं तर आत सगळं जागच्या जागी. जिवंत असताना तो चालायचं टाळतो, आणि चालावंच लागलं तर पंखाचं टोक जमिनीला टेकवून तोल सावरतो. ती पंखाची टेकणी दिसली की माझा हात आधी खुब्याकडे जातो.

कॅल्शियम कधीच लागत नाही, असं माझं म्हणणं नाही. मुडदूस होतो, पण तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा चोच रबरासारखी वाकते, हाडं मोडण्याऐवजी लवतात. पावसाळ्यात बुरशी लागलेला मका खाद्यात आला तर तेही बघावं लागतं. त्या पिल्लांना जीवनसत्त्व ड आणि फॉस्फरस-कॅल्शियमचा मेळ बसवून दिला तर ती सुधारतात. पण पाचव्या-सहाव्या आठवड्यातल्या, कुजलेल्या खुब्याच्या पक्ष्याला कॅल्शियमची बाटली काय करणार?

दुसरी सवय याहून घातक आहे, पाण्यातून प्रतिजैविक. दहा पक्षी बसले, म्हणजे उठेनासे झाले, म्हणून दहा हजारांच्या पाण्यात औषध जातं. ज्यांना ते हवं त्यांना मात्र ते मिळतच नाही, आणि याची दोन सरळ कारणं आहेत. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणून औषधही पुरेसं जात नाही. आणि पक्षी वाढतात तशी निपलची लाइन (चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोट्यांची नळी) वर घेतली जाते, त्यामुळे बसलेल्या पक्ष्याची चोच तिथवर पोचतच नाही. तो औषधच काय, पाणीही पीत नाही. उरलेल्या निरोगी पक्ष्यांना मात्र औषध विनाकारण मिळतं आणि त्यांच्या आतड्यांतल्या जंतूंना त्याची सवय लागते. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक कोंबडीच्या शरीरात गेलं की त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे तुम्हाआम्हाला डॉक्टर देतात तेच औषध. अमेरिकेने २००५ साली कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं. आपल्या सरकारने २०१९ साली कोलिस्टिन खाद्य-प्राण्यांसाठी बंद केलं, ते अगदी योग्य झालं, कारण माणसांसाठी ते शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध आहे. पण एक नाव गेलं की दुसरं शोधायचं, ही वृत्ती अजून गेलेली नाही.

या पक्ष्याला किती दुखत असेल, हा प्रश्न मला शेडवर फारसा कुणी विचारला नाही. तो विचारून झालेला आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी लंगड्या आणि निरोगी ब्रॉयलरसमोर दोन प्रकारचं खाद्य ठेवलं, एक साधं आणि एक वेदनाशामक घातलेलं. लंगडे पक्षी औषधाचं खाद्य जास्त खाऊ लागले, आणि लंगडेपणा जितका जास्त तितकं ते जास्त खाल्लं. हे २००० साली छापून आलं आहे. ब्रिस्टलमध्येच चाल मोजायची ० ते ५ अशी पट्टी १९९२ साली तयार झाली होती: ० म्हणजे सुरेख चाल, ५ म्हणजे उभंच राहता येत नाही. तीच पट्टी लावून ब्रिटनमध्ये ५१ हजार पक्षी पाहिले गेले. सरासरी ४० दिवसांच्या वयात २७.६ टक्के पक्ष्यांची चाल वाईट होती आणि ३.३ टक्क्यांना जवळपास चालताच येत नव्हतं. हे आकडे २००८चे आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी बीसीओच होतं असं नाही, लंगडेपणाची इतरही कारणं आहेत. पण ही पट्टी आपल्या शेडमध्ये वापरायला एक पैसा लागत नाही. शेडमधून सावकाश एक फेरी मारायची आणि मोजायचं.

आमच्याकडे या दुखण्याला एक मोसम आहे. आपल्या पंचांगात श्रावण आषाढी अमावास्येनंतर लागतो, मालव्यातला सावन मात्र गुरुपौर्णिमा झाली की लगेच सुरू होतो. म्हणून इंदूरचा कोंबडीचा बाजार महाराष्ट्राच्या पंधरा दिवस आधीच थंडावतो, आणि मराठी घरांचा श्रावण धरला तर तो आणखी लांबतो. भाव पडला की उचल, म्हणजे विक्रीसाठी पक्षी शेडमधून नेणं, लांबते. ३८व्या दिवशी जायचा तो लॉट ४५व्या दिवसापर्यंत शेडमध्येच राहतो आणि चांगल्या शेडमधला पक्षी तेव्हा दिवसाला ८०-१०० ग्रॅमने वाढत असतो. बाहेर पाऊस, आत तुसाची गादी ओली, अमोनियाने डोळे झोंबतात. आणि पाय बसायला नेमकी हीच वेळ असते. उन्हाळ्याचंही तसंच. पारा चाळिशीच्या पुढे गेला की उष्म्याने आतड्याचं अस्तर कमकुवत होतं आणि जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते.

करारावर पक्षी सांभाळणाऱ्या शेतकऱ्याची अडचणही सांगायला हवी, नाहीतर सगळा दोष त्याच्याच माथी जाईल. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, तूस, मजुरी त्याची. हिशेब होतो तो विकलेल्या किलोंवर, खाल्लेल्या खाद्यावर आणि मरतुकीवर. लंगडा पक्षी आज बाजूला काढून संपवला, तर त्याने खाल्लेलं खाद्य हिशेबात धरलं जातं आणि वजन मात्र शून्य. म्हणून तो त्याला कोपऱ्यात ठेवतो, उचलीपर्यंत जगला तर काट्यावर चढेल या आशेने. जगला, तर रात्री पकडणारी माणसं त्याच कुजलेल्या खुब्याच्या पायाला धरून, उलटा लटकवून त्याला क्रेटमध्ये टाकतात. न जगला तर तो तहानेने मरतो, आणि त्याला दिवस लागतात. शेतकरी निर्दय नसतो, त्याचा करारच त्याला तसं वागायला लावतो. करारात एक ओळ घालायला काय हरकत आहे? पायाने गेलेला पक्षी सुपरवायझरला दाखवून त्याच दिवशी मान मोडून संपवला, तर तो मरतुकीत धरायचा नाही, त्याचा रकाना वेगळा. त्या रकान्यातल्या आकड्यावरून कंपनीलाही कळेल की कुठल्या हॅचरीची पिल्लं, कुठलं पाणी, कुठला महिना.

बाकीचे उपाय बहुतेकांना ठाऊक आहेत, करायचा कंटाळा असतो. दोन लॉटमधल्या काळात पाण्याच्या लाइनी नीट धुवाव्यात, लॉट चालू असताना क्लोरीन बघावं, गादी रोज हलवून कोरडी ठेवावी. रात्रभर दिवे लावून पक्ष्यांना खायला लावण्याचा हट्ट सोडावा. युरोपात २००७च्या निर्देशानुसार दिवसातून एकूण किमान सहा तास अंधार, त्यातला चार तास सलग, बंधनकारक आहे. अंधारात पक्षी विसावतो आणि वाढीचा सुरुवातीचा वेग थोडा आवरला जातो. तेवढ्याने हाडाला वजनाच्या बरोबरीने यायला सवड मिळते. आतड्याला मदत करणारे प्रोबायोटिक पहिल्या दिवसापासून दिले, तर अर्कान्साच्या प्रयोगांत लंगडे पक्षी कमी निघाले. कुणी म्हणेल, मग झाबुआची कडकनाथ पाळा. २०१८मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ती सावकाश वाढते आणि तिच्या पायांवर असा भार येत नाही. मला ती फार आवडते. पण पाच-सहा महिन्यांतही दीड किलो न भरणारी कोंबडी रोजच्या ताटात परवडणार नाही, हे मला कळतं. म्हणून ब्रॉयलरचंच जिणं सुसह्य करा, एवढं मागते.

खाणाऱ्या वाचकांसाठी एक. शिजवलेल्या कोंबडीत हाडाजवळ काळपट-लालसर दिसलं म्हणून घाबरू नका. कोवळ्या हाडातला मगज बाहेर झिरपून, विशेषतः गोठवलेल्या मांसात, तो रंग येतो. त्याचा या रोगाशी संबंध नाही. आणि नीट शिजवलेल्या मांसात हे जंतू जगत नाहीत. मात्र दुकानात जाळीत उभं न राहता येणारा पक्षी दिसला, तर तो स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

आपल्या लेखकांना माझी विनंती आहे की हार्मोनचा उल्लेख त्यांनी पुढच्या अंकात दुरुस्त करावा, आणि जमलं तर एखाद्या शेडमध्ये पाचव्या आठवड्यात जाऊन शवविच्छेदन स्वतः पाहावं. शेड चालवणाऱ्या वाचकांना सांगते, महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५पासून आहे आणि इंदूरहून जेमतेम तेवीस किलोमीटरवर. नमुना न्यायचा तर औषध सुरू करण्याआधी न्या. लंगडा पण जिवंत पक्षी सर्वांत चांगला. मेलेलाच असेल तर चार तासांच्या आत, पिशवीत गुंडाळून बर्फावर ठेवून न्या, फ्रीझरमध्ये घालू नका. सोबत चिठ्ठीत वय, लॉटमधली पक्ष्यांची संख्या, किती बसलेत आणि आतापर्यंत पाण्यातून काय काय दिलं, ते लिहा. आणि तिथल्या डॉक्टरांना तोंडाने सांगा, दोन्ही खुबे उघडा आणि हाडातून कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) लावा.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्य
राजेंद्रनगर, इंदूर